वृद्ध धनी आणि वृद्ध श्वान



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी कुत्र्याचा विषय काढला म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत. सोबतच्या श्वानाला टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्यास धर्मराजाने नकार दिला, ही महाभारतातील कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच्याच इंद्रप्रस्थात नोकरी करणाऱ्या आम्हां सरकारी सेवकांपुढे हा प्रश्न निवृत्तीच्या वेळी उभा राहतो.

सरकारी निवासस्थान ठरलेल्या मुदतीत सोडावे लागते. सरोजिनीनगर, नेताजीनगर, कस्तुरबानगर या वसाहतींच्या पुनर्विकासाला २०१६ साली मंजुरी मिळाली आणि अंगणाच्या जुन्या घरांच्या जागी उंच इमारती आल्या. कोणी पुण्या-नागपूरला परततो, कोणी मुलाच्या नोएडातील सदनिकेत जातो. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाचा कूपे राखून ठेवावा, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत बसवावे. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या जनावराला तो प्रवास कसा सोसावा? मग ते दुसऱ्या घरी दिले जाते.

असे देण्यात अधर्म नाही. उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा मात्र १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. कुत्रा दिला म्हणजे नाते संपले, असे का मानावे? इंग्लंडमध्ये १९८५ साली स्थापन झालेला सिनॅमन ट्रस्ट वृद्धांच्या प्राण्यांसाठी नवी घरे शोधतो आणि मूळ धन्याला पत्रे, छायाचित्रे व भेटी यांतून त्यांची खबर मिळत राहील, अशी व्यवस्था करतो.

आपल्याकडे यासाठी फार खर्च लागणार नाही. कुत्र्याबरोबर त्याचे जुने अंथरूण आणि धन्याचा न धुतलेला पंचा द्यावा. दृष्टी व कान मंदावले तरी ओळखीचा वास त्याला धीर देतो. जेवणाच्या वेळा, औषधे, आजार हे सारे कागदावर लिहून द्यावे. महापालिकेच्या नोंदणीत नव्या पालकाचे नाव घालावे. मेट्रोत प्राणी नेता येत नाहीत. तेव्हा धन्यानेच त्याच्या दारी जावे, आणि गुडघे चालेनासे झाल्यास पालकाने मोटारीतून त्याला आणावे. उन्हाळ्यात ही भेट सकाळीच व्हावी.

काही म्हणतील, भेटीने जनावर अधिकच कासावीस होते. पहिले काही दिवस त्याला नव्या घरी रुळू द्यावे, हे खरे. पण पुढे ठरावीक वारी, ठरावीक वेळी होणारी भेट हा त्याच्या दिनक्रमाचाच भाग होऊ शकतो. आणि धन्याचे काय? ज्याने पत्नीच्या पश्चात रोज पहाटे केवळ त्या मुक्या सोबत्यासाठी अंथरूण सोडले, त्याला ‘आता विसरा’ म्हणणे सोपे नाही. कुत्र्याचे दुखणे, अथवा त्याचा अंत, त्याच्यापासून लपवू नये. निरोप घेण्याचा त्याचा हक्क आहे.

म्हणून आमची मंडळाला विनंती आहे. कार्यालयात एक साधी वही ठेवावी. तीत एका बाजूस निवृत्त होणाऱ्यांची, दुसऱ्या बाजूस वृद्ध कुत्रा सांभाळू इच्छिणाऱ्या कुटुंबांची नावे असावीत, आणि महिन्यातून एकदा दोघांची विचारपूस करणारा एक तरुण सभासद असावा. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांचे आपण वारस म्हणवितो. आपल्याला तर महिन्यातून एकदाच जायचे आहे.