गुलाबी बंगल्याच्या खिडक्या

मध्यंतरी मी मुलीकडे जिनिव्हाला गेलो होतो. एका दुपारी नातवाला घेऊन जवळच्या ग्लाँ गावी गेलो. जिनिव्हाहून लोझान शहराकडे जाणाऱ्या तळ्याकाठच्या रस्त्यालगत तिथे एक गुलाबी घर आहे. उतरतं छप्पर, ओळीने खिडक्या. नातू म्हणाला, ‘‘आजोबा, इथे कोण राहतं?’’

जवळ गेलो तर खिडक्या भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या! आणि भिंत सुमारे अडीच मीटर जाडीची, काँक्रीटची.

हे घर नव्हेच. ‘व्हिला रोझ’, म्हणजे गुलाबी बंगला, हे १९४० सालचं लष्करी ठाणं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तटस्थ स्वित्झर्लंडने जुरा डोंगरापासून तळ्यापर्यंत सुमारे १० किलोमीटर रांगेत काँक्रीटचे २७०० ठोकळे रोवले. एकेक ९ टनांचा. रणगाडे अडावेत म्हणून. त्रिकोणी आकारामुळे लोक त्या रांगेला ‘टॉब्लेरोन’ म्हणतात, त्या चॉकलेटवरून. पण वाहता रस्ता ठोकळ्यांनी कायमचा कसा बंद करणार? तिथे तोफ हवी. ती उघड्यावर ठेवली तर शत्रूच्या नजरेला पडते. म्हणून हे घराचं सोंग. शत्रू आलाच नाही. आज तिथे संग्रहालय आहे.

‘‘म्हणजे हे खोटं बोलणंच ना?’’ नातवाने विचारलं. मी म्हटलं, ‘‘जीव वाचवायला केलेलं सोंग आहे, बाळा.’’

उत्तर दिलं खरं, पण मन स्वस्थ होईना. याच देशाने ऑगस्ट १९४२ मध्ये ज्यू निर्वासितांना सीमा बंद केली होती. केवळ वंशामुळे छळ होतो म्हणून कुणी राजकीय निर्वासित ठरत नाही, असा नियम होता. हजारोंना आसरा मिळाला, हेही खरं; पण हजारोंना सीमेवरून परत फिरावं लागलं. भीती खरी होती, भिंतही हवी होती. पण दार कुणासाठी बंद झालं?

आणि मला माझंच दार आठवलं. २६ जुलै २००५. मुंबई पाण्याखाली, वीज गेलेली. रात्री उशिरा कुर्ल्याच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दारावर थाप पडली. भिजलेली दोन मुलं होती. ‘‘काका, सकाळपर्यंत बसू द्या.’’ मी साखळी काढली नाही. फटीतूनच म्हणालो, ‘‘वर विचारा.’’ घरात बायको, मुलगी, अनोळखी माणसं. कारणं पुष्कळ होती. त्याच रात्री मुंबईत कितीतरी घरांनी अनोळखी माणसांना चहा दिला, कोरडे कपडे दिले. आमचं घर त्यांत नव्हतं.

परतताना नातवाला हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘ती मुलं मग कुठे गेली, आजोबा?’’

मला सांगता आलं नाही. श्रोतेहो, घराला भिंत लागतेच. पण बाहेरच्याला दिसणारी एखादी खिडकी तरी खरी असावी, उघडणारी असावी. एवढंच आज सांगायचं होतं.