वितळलेला सोरा आणि संगणकाची आकडेमोड

सूर्याच्या उष्णतेवर वीज करण्याची कल्पना आतां कोणास नवलाची वाटत नाहीं. नवल आहे तें सूर्य मावळल्यावर काय करावयाचें यांत. स्पेन देशांत, सेव्हिल प्रांतीं, फुएन्तेस दे आन्दालुसिया या गांवाजवळ २०११ सालीं हेमासोलार नांवाचें वीजकेंद्र सुरू झालें. तेथें २,६५० प्रचंड आरसे सूर्याबरोबर फिरतात आणि १४० मीटर उंचीच्या मनोऱ्याच्या माथ्यावर ऊन एकवटतात. त्या माथ्यांतून पाणी वाहत नाहीं. वितळलेला क्षार वाहतो. २९० अंशांवर तो वर चढतो आणि ५६५ अंशांवर खालीं उतरून जाड वेष्टनाच्या टाकींत सांठतो. पुढें त्याच्या उष्णतेनें वाफ करून, ऊन नसतांहि पंधरा तास यंत्र चालवितां येतें.

हा क्षार म्हणजे कांहीं अद्भुत पदार्थ नव्हे. वजनानें साठ भाग सोडियम नायट्रेट आणि चाळीस भाग पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपल्या शोभेच्या दारूंतला सोराच! एक किलोग्रॅम मिश्रण २९० पासून ५६५ अंशांपर्यंत तापविलें तर त्यांत सुमारें ४१७ किलोजूल उष्णता मावते. शून्य अंशाचें तितकेंच पाणी उकळीस आणण्यास जवळजवळ एवढीच लागते. मग पाणीच कां नको, असें कोणी विचारील. तर शंभर अंशांपुढें पाणी द्रवरूप ठेवावयाचें म्हणजे दाब सोसणारें भक्कम पोलादी भांडें हवें. क्षार मात्र हवेच्या साध्या दाबांतच राहतो. त्याचे दोष दोन. २४० अंशांच्या खालीं तो गोठूं लागतो, आणि नळांत गोठला कीं सारें काम अडतें. उलट ६०० अंशांच्या सुमारास त्याचें विघटन होऊं लागतें.

म्हणून शास्त्रज्ञ दुसरीं मिश्रणें शोधीत आहेत. सातशें अंशांवर टिकणारीं क्लोराइडें आहेत. परंतु त्यांत ओलाव्याचा लवलेश राहिला तरी तीं भांडें खातात. अशा रसाची उष्णतावाहकता मोजणें तर फार कठीण, कारण रस आंतल्या आंत फिरतो, स्वतः उष्णता बाहेर टाकतो, आणि प्रयोगागणिक निराळा आंकडा हातीं येतो. येथें संगणक उपयोगी पडतो.

त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. एक काल्पनिक पेटी घ्यावयाची आणि तींत हजार-दोन हजार विद्युद्भारित कण, ज्यांस आयन म्हणतात, ते ठेवावयाचे. सोडियमचा आयन वाटोळा. नायट्रेटचा चपटा, मध्यें नायट्रोजन आणि तीन कोपऱ्यांवर ऑक्सिजन. प्रत्येकावर इतर सर्वांचें किती बल आहे तें काढावयाचें, न्यूटनच्या नियमानें प्रत्येकास किंचित् पुढें सरकवावयाचें, आणि पुन्हां तेंच. हें सरकणें किती? एका सेकंदाचे दहा लाख भाग करावे, त्यांतील एकाचे पुन्हां दहा लाख, आणि त्यांतीलहि एकाचे हजार. तेवढ्या काळांत होईल तेवढें! अशीं दहा लाख पावलें टाकलीं म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश पुरा होतो. मुलांस त्रैराशिक घालणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरास ही चिकाटी मनापासून आवडते.

पेटीस भिंती नसतात. केशकर्तनालयांत समोरासमोरच्या आरशांत जशीं प्रतिबिंबांचीं प्रतिबिंबें दिसतात, तशी तीच पेटी चोहोंकडे मांडलेली आहे असें धरतात. उजवीकडून गेलेला आयन डावीकडून परत येतो. मात्र विद्युतबल फार लांबवर पोंचतें. त्या अनंत पेट्यांची बेरीज करण्यास १९२१ सालीं पॉल एवाल्ड यांनीं स्फटिकांसाठीं काढलेली युक्ति अजूनहि कामास येते.

या मार्गावरील एक मोठें नांव आपल्या हैदराबादेंत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांचें. १९६४ सालीं अमेरिकेंत त्यांनीं द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणु असे चालवून दाखविले. १९७१ सालीं इंग्लंडांत वुडकॉक व सिंगर यांनीं वितळलेल्या पोटॅशियम क्लोराइडचा अभ्यास थोड्या निराळ्या, फांसे टाकण्यासारख्या रीतीनें केला. आणि २०१० सालीं नायट्रेटांच्या उष्णताविषयक गुणांची सविस्तर आकडेमोड प्रसिद्ध झाली.

तथापि बलाचा नियम मनुष्यानेंच आंत घातलेला असतो. शेजाऱ्याच्या ओढीनें नायट्रेटचा विद्युद्भार थोडा इकडेतिकडे सरतो. तें वगळलें तर उत्तर झटपट येतें, पण चिकटपणाचा आंकडा बिघडूं शकतो. हल्लीं पुंजवादाच्या गणितानें थोडे नमुने सोडवून त्यांवरून संगणकाकडूनच बलाचा नियम शिकवून घेतात. ही सुधारणा मोठी खरी. तरी प्रत्यक्ष वितळविलेल्या क्षाराशीं ताडून पाहिल्याखेरीज त्या आंकड्यावर कोणीं टाकी बांधूं नये असें मला वाटतें.

आणि टाकीचा प्रश्न निराळाच. अमेरिकेंत नेव्हाडा संस्थानांत, टोनोपा गांवाजवळच्या क्रेसेंट ड्यून्स केंद्रांत २०१६ सालीं उष्ण क्षाराची टाकी गळूं लागली आणि केंद्र कित्येक महिने बंद राहिलें. तळाचा पत्रा, त्याचे सांधे, त्याखालील पाया, तापण्या-निवण्यानें पडणारा ताण, यांपैकीं कांहींहि आयनांच्या पेटींत दिसणार नाहीं. त्यासाठीं पत्राच लहान लहान तुकड्यांत कल्पून दुसरी आकडेमोड करावी लागते. तिला लागणारे क्षाराची घनता, चिकटपणा आणि उष्णतावाहकता यांचे आंकडे मात्र या इवल्याशा पेटींतून उसने घेतां येतात.