दुपारचा अर्धा तास



दुपारचा एक वाजून गेलेला असतो. घरून आणलेला डबा टेबलावर उघडलेला असतो; पण एका हातात पोळीचा घास, तर दुसऱ्या हाताने धारिकेवर शेरा, असे चाललेले असते. मध्येच दूरध्वनी घणघणतो, मध्येच अभ्यागत येऊन उभा राहतो. अशा कर्मचाऱ्याला लोक कौतुकाने 'कामसू' म्हणतात. परंतु ही सवय खरोखरीच कामाच्या हिताची आहे काय, याचा विचार व्हावयास हवा.

कष्टाने मिळविलेला हक्क

मधली सुट्टी ही कोणाची मेहेरबानी नव्हे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगार एके काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असत. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरल्या. आठवड्याच्या सुट्टीबरोबरच दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, ही त्यांची मागणी होती. १८९१ च्या कारखाने कायद्याने ही विश्रांती मान्य केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम होण्यापूर्वी किमान अर्धा तास विश्रांती दिलीच पाहिजे, असे बंधन घातले. जो अर्धा तास मिळविण्यासाठी गिरणी कामगारांना झगडावे लागले, तो सुशिक्षितांनी आपण होऊन सोडून द्यावा, हे शहाणपणाचे नाही.

विश्रांती हाही कामाचाच भाग

मन एकाच कामात फार वेळ गुंतून राहिले की थकते आणि थकलेल्या मनाकडून चुका होतात. सात-बाराच्या उताऱ्यावर चुकीचा पडलेला एक आकडा दुरुस्त करून घेण्यासाठी शेतकऱ्याला तालुक्याला चार खेटे घालावे लागतात. कर्मचाऱ्याने वाचविलेला अर्धा तास असा दुसऱ्याच्या खिशातून वसूल होतो. मधुमेहावर इन्शुलिन घेणाऱ्यांना तर जेवणाची वेळ चुकविणे धोक्याचे ठरते. हात धुऊन, जागा सोडून, सहकाऱ्यांसमवेत सावकाश जेवावे आणि चार पावले चालून यावे. यास खर्च काहीच येत नाही.

नागरिकांचीही सोय

या हक्काला कर्तव्याची दुसरी बाजू आहे. सकाळच्या एस.टी.ने आलेल्या वृद्धेला 'साहेब जेवायला गेले आहेत' एवढेच उत्तर मिळावे आणि साहेब केव्हा परततील हे कोणीच सांगू नये, हे योग्य नव्हे. दुपारी १ ते २ या वेळेत जास्तीत जास्त अर्धा तास भोजनासाठी घ्यावा आणि एका शाखेतील सर्वांनी एकाच वेळी उठून जाऊ नये, अशा सूचना राज्य शासनाने जून २०१९ मध्ये दिल्या, त्यामागील हेतू हाच होता. पाळी ठरवून दिली आणि खिडकीवर वेळेची पाटी लावली, तर कर्मचाऱ्याचे जेवणही होते व नागरिकाचे कामही अडत नाही.

शाळांतही मुलांच्या जेवणावर देखरेख करता करता शिक्षकांचे स्वतःचे जेवण राहून जाते. मुख्याध्यापकांनी तेथेही पाळ्या लावून द्याव्यात. पंचायत सदस्यांनी गावातील कामांवर मजुरांना भाकरी खाण्यापुरती सावली आणि पिण्याचे स्वच्छ पाणी मिळते किंवा नाही, हे जातीने पाहावे.

दुपार झाली की शेतकरी औत सोडतो, बैलांना सावलीत बांधून वैरण-पाणी करतो आणि मगच स्वतःची भाकरी सोडतो. त्यास कोणी आळशी म्हणत नाही. उरलेले शेत त्याच बैलांच्या बळावर नांगरावयाचे आहे, हे तो जाणतो. कार्यालयातील दुपारचा अर्धा तासही याच जाणिवेने घेतला जावा आणि याच जाणिवेने वेळेवर संपवला जावा.