वाघासाठी घर शोधताना

हेडफोन लावलेत ना? आज वाघाबद्दल बोलू.

मध्ये आजोळी गेलो होतो. शिराळ्याच्या पुढे, चांदोलीच्या अंगाला. चहा पिता पिता मामा म्हणाला, "तुम्ही पोरं मोबाईलवर वाघ बघून खूश होता. आमच्या म्हशींचं कोण बघणार?" मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

झालंय असं, की नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली एक वाघीण चांदोलीत आणली. ताडोबात वाघांची दाटी, आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होऊन १५ वर्षं झाली तरी इथे मोजकेच नर, तेही दक्षिणेकडच्या जंगलांतून चालत आलेले. मादीच नसेल तर संसार वाढणार कसा?

आता, जागा निवडायची कशी? आपल्याला वाटतं, हिरवंगार दिसलं की झालं. अरे, पण वाघ काय झाडं खातो? आठवड्याला एक शिकार धरली तरी वर्षाला ५० सांबर-चितळ लागतात. एवढे गेल्यावरही कळप टिकला पाहिजे, म्हणजे मागे किती जनावरं हवीत बघा! शिवाय पाणी हवं, पिल्लं लपवायला आडोसा हवा, दुसऱ्या जंगलाला जोडणारी वाट हवी.

आणि हे सगळं जमलं तरी वाघाचं मन लागेलच असं नाही. मध्य प्रदेशातलं पन्ना घ्या. शिकाऱ्यांमुळे २००९ पर्यंत तिथला शेवटचा वाघही संपला. बाहेरून वाघिणी आणल्या, मग पेंचहून टी-३ नावाचा नर आणला. तर हा पठ्ठ्या निघाला परत पेंचच्या दिशेने! महिनाभर लोक हत्ती घेऊन त्याच्या मागावर. शेवटी बेशुद्ध करून परत आणला आणि तो थांबावा म्हणून जंगलात वाघिणीचं मूत्र शिंपडलं. हसू नका, एप्रिल २०१० मध्ये पन्नात पिल्लं जन्माला आली.

ओडिशातल्या सातकोसियात मात्र उलटं झालं. २०१८ मध्ये कान्ह्याहून महावीर आणि बांधवगडहून सुंदरी आणली. जंगल चांगलं होतं, पण आत आणि कडेला गावं होती आणि आम्हाला कोणी विचारलंच नाही, हा तिथल्या लोकांचा राग होता. सुंदरीने माणसं मारल्याचा आरोप झाला, जाळपोळ झाली. नोव्हेंबरमध्ये महावीर मेलेला सापडला, अंगावर फासाची जखम. सुंदरीला पिंजऱ्यात घातलं आणि २०२१ मध्ये मध्य प्रदेशात परत पाठवलं.

माझ्या मते सातकोसियाची चूक नकाशावर दिसलीच नसती. नकाशात झाडी दिसते, माणसांच्या मनातलं कुठे दिसतं? आणि चांदोलीच्या लोकांच्या मनात बरंच साठलेलं आहे. धरणासाठी, अभयारण्यासाठी इथली गावं उठली, पुनर्वसन वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्याच मोकळ्या झालेल्या जंगलात आता वाघीण फिरणार आहे.

खरं सांगू? ती रमावी असं मला मनापासून वाटतं. मामालाही वाटतं, फक्त तो कबूल करत नाही. निघताना म्हणाला, "वाघाला आमची ना नाही रे. म्हैस मारली तर पंचनाम्याला कोण येणार, पैसे किती दिवसांत मिळणार, तेवढं विचारून सांग."

विचारलंय. उत्तर आलं की पहिला फोन मामाला, मग तुम्हाला.