शेवटची तीन अक्षरं



आजचा विषय तीन अक्षरांचा आहे: ए, जी, ई. इंग्रजी शब्दाच्या शेपटीला ही तीन अक्षरं आली की आपण मराठीत त्यांचं काय करतो, ते आधी पाहू. व्हिलेज, मेसेज, पॅसेज, मॅरेज, डॅमेज. इथे आपण 'एज' लिहितो. आता दुसरी रांग: मसाज, कोलाज, मिराज, कॅमोफ्लाज. इथे 'आज'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही रांगांचा शेवट हुबेहूब सारखा आहे. मराठी माणसानं व्याकरणाचं एकही पुस्तक न उघडता, निव्वळ कानावर विसंबून ही वाटणी केली, आणि ती बरोबर केली. ही वाटणी वरवर उच्चाराची दिसते, पण मुळात ती वयाची आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे. 'एज'वाले बहुतेक शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले त्याला सहाशे-सातशे वर्षं होऊन गेली. 'आज'वाले आले ते गेल्या दोन-सव्वादोनशे वर्षांत. रोमन लिपी हे वय झाकून ठेवते, देवनागरी ते बोलून दाखवते.

या शेपटीचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे 'आटिकुम' असा प्रत्यय होता. 'त्या गोष्टीशी संबंधित', एवढाच त्याचा अर्थ. 'सिल्वा' म्हणजे रान. त्याला हा प्रत्यय लागून 'सिल्वाटिकुस' झालं, म्हणजे रानातलं. बोलता बोलता ते झिजलं आणि फ्रेंचमध्ये 'सोव्हाज' झालं, इंग्रजीत 'सॅव्हेज'. आपणही रानावरून रानटी केलंच आहे. शेतीवाडीच्या लोकांना रानातल्या लोकांबद्दल काय वाटतं हे दोन्हीकडे सारखंच दिसतं. 'व्हिया' म्हणजे वाट, आणि 'व्हियाटिकुम' म्हणजे वाटेसाठी बांधून घेतलेली शिदोरी. पुढे शिदोरी गेली आणि प्रवासच राहिला. तोच 'व्हॉयेज'. 'कोर' म्हणजे काळीज, त्यावरून 'करेज'.

हे शब्द इंग्लंडात पोचले त्याचं कारण शाळेच्या इतिहासात आपण वाचलेलं असतं. 1066 च्या ऑक्टोबरमध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम जिंकला आणि इंग्लंडचा राजा झाला. त्याच्याबरोबर आलेले सरदार, बिशप, कारकून फ्रेंच बोलत. पण एक गैरसमज दूर करायला हवा. लढाईच्या दुसऱ्या दिवशी इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा पूर आला, असं काही झालं नाही. बराच काळ वरचे लोक फ्रेंच बोलत राहिले, खालचे इंग्रजी. पूर आला तो तेराव्या-चौदाव्या शतकांत, म्हणजे वरचे लोक फ्रेंच सोडून इंग्रजीकडे वळू लागले तेव्हा. 1204 मध्ये नॉर्मंडी हातची गेली होती. पलीकडचं घर सुटलं, अलीकडचं आपलं म्हणावं लागलं. आणि भाषा बदलताना माणूस जुन्या भाषेतले कामाचे शब्द बरोबर घेऊन येतो. 1362 मध्ये कायदा झाला की न्यायालयातला वादविवाद इंग्रजीत चालावा, कारण फ्रेंच लोकांना समजत नाही. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. सरकारी कारभार सगळीकडे असाच!

आता या शेपटीचं खरं राज्य कुठे होतं ते सांगतो. ते कर आणि हक्क यांत होतं. आपल्याकडे जशी घरपट्टी, पाणीपट्टी, तशी मध्ययुगीन इंग्लंडात 'एज'ची पट्टी होती. पुलावरून गेलात तर 'पाँटेज', गावाची तटबंदी दुरुस्त करायची तर 'म्युरेज', रस्त्याच्या फरसबंदीसाठी 'पेव्हेज'. सरदारापुढे गुडघे टेकून 'मी तुमचा माणूस' असं म्हणायचं, ते 'होमेज'. फ्रेंचमध्ये 'ओम' म्हणजे माणूस. जंगलात आपली डुकरं चारायला सोडायच्या हक्काला 'पॅनेज' म्हणत. यातलं बहुतेक सगळं इतिहासजमा झालं. पॅनेज मात्र अजून आहे. दक्षिण इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्टमध्ये, जे रान खुद्द विल्यमनं शिकारीसाठी राखून घेतलं होतं, दर शरद ऋतूत हक्कदारांची डुकरं आजही सोडली जातात. ती खाली पडलेली ओकची हिरवी फळं खातात. ती फळं तिथल्या घोड्यांना आणि गुरांना विषारी ठरतात, म्हणून डुकरांनी ती आधी वेचलेली बरी. साडेनऊशे वर्षांची सरंजामी शब्दावली तिथे डुकरांच्या जोरावर टिकून आहे.

अशाच एका पट्टीवरून राजाचं आणि संसदेचं बिनसलं. 'टनेज आणि पाउंडेज' असा जोडकर होता. दारूच्या दर 'टन' पिंपामागे एक, आणि मालाच्या दर पौंड किमतीमागे दुसरा. पहिल्या चार्ल्सनं तो संसदेची मंजुरी न घेता वसूल केला. 2 मार्च 1629 रोजी सभापती सर जॉन फिंच राजाच्या हुकमावरून सभा तहकूब करायला उठू लागले, तेव्हा दोन सभासदांनी त्यांना खुर्चीत दाबून धरलं, आणि तेवढ्या वेळात या कराविरुद्धचे ठराव पार पडले. पुढे अकरा वर्षं राजानं संसदच बोलावली नाही. 1649 मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं ते अर्थात अनेक कारणांनी. जहाजाची क्षमता सांगताना आपण 'टनेज' म्हणतो, ते याच दारूच्या पिंपावरून आलेलं आहे. बंदरात माल वेळेत उचलला नाही की पडणारं 'डेमरेज' हाही त्याच घराण्यातला. वाहतूकदारांना तो शब्द कोशात पाहावा लागत नाही.

आता उच्चाराकडे येतो. इथे थोडं सावकाश ऐका, कारण इथेच गंमत आहे. विल्यमच्या काळच्या फ्रेंचमध्ये या शेपटीतला 'जी' आपल्या 'ज'सारखाच होता. पुढे, साधारण तेराव्या शतकात, फ्रेंच लोकांनी तो मऊ केला. 'टेलिव्हिजन'मध्ये इंग्रज जो उच्चार करतो, तसा. त्या उच्चाराला आपल्या वर्णमालेत अक्षर नाही. पण जे शब्द आधीच खाडी ओलांडून गेले होते, त्यांना या बदलाची वार्ता लागली नाही. म्हणून आज लंडनचा माणूस 'व्हिलेज' म्हणताना जुन्या फ्रेंचचा 'ज' जपतो, आणि पॅरिसच्या माणसानं तो कधीच टाकून दिला आहे. 'च'चंही तसंच झालं. जुनं फ्रेंच 'च' म्हणत होतं, नवं 'श' म्हणतं. एकच शब्द दोनदा उसना घेतला, तर त्याची दोन रूपं होतात: पहिल्या खेपेला 'चीफ', दुसऱ्या खेपेला 'शेफ'. दोन्हींचं मूळ 'डोकं' या अर्थाच्या लॅटिन शब्दात. चीफ इंजिनिअर आणि हॉटेलातला शेफ हे एकाच आईचे मुलगे आहेत, फक्त त्यांच्या वयात पाचशे वर्षांचं अंतर आहे.

दुसरी गोष्ट आघाताची. फ्रेंच शब्दाचा जोर शेवटाकडे असतो. इंग्रजीची सवय पहिल्या अवयवावर जोर देण्याची. शब्द इंग्रजीत मुरला की जोर पुढे सरकतो, आणि शेपटी आखडून जवळजवळ 'इज' होते. खरं तर इंग्रज 'व्हिलिज'च म्हणतो. 'एज' हे आपण स्पेलिंग पाहून केलं, तेवढं आपल्या कानाचं श्रेय कमी करायला हवं. जुन्या शब्दांना आणखीही घरगुती वळणं लागली. 'मेसेज' नेणारा खरं तर 'मेसेजर' आणि 'पॅसेज' करणारा 'पॅसेजर' असायला हवा. मूळ फ्रेंचमध्ये तसंच होतं. इंग्रजांनी मध्ये एक 'न' घुसवला आणि मेसेंजर, पॅसेंजर झाले. हा 'न' कुठल्याही व्याकरणानं दिलेला नाही, तो जिभेनं दिला. एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या आपल्या 'पाशिंजर'मध्येही तो सुखरूप आहे.

मात्र भाषेनं उसनवारी पचवली की नाही, याची माझी कसोटी वेगळी आहे. शब्द कुणीही उचलतं. प्रत्यय उचलून तो घरच्या शब्दाला जोडला, तर पचलं म्हणायचं. आपण फारसीतला 'दार' घेतला आणि आपल्या 'चव'ला लावून 'चवदार' केलं. 'खाना' घेतला आणि 'छाप'ला लावून 'छापखाना' केला. आता ते शब्द फारसी म्हणून कुणी हाकलून दाखवावेत! इंग्रजीनं या शेपटीचं तेच केलं. 'शॉर्ट' हा अस्सल इंग्रजी, त्याचं 'शॉर्टेज'. 'माइल'चं 'मायलेज', 'ब्रेक'चं 'ब्रेकेज'. 'बॅगेज' फ्रेंचमधून आलं, पण 'लगेज' इंग्रजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस घरीच बनवलं, ओढत नेणं या अर्थाच्या 'लग' क्रियापदावरून. लगेजला चाकं फार उशिरा लागली. 'व्होल्टेज'ची तर मजाच आहे. माणूस इटलीचा, अलेस्सांद्रो व्होल्टा; शेपूट फ्रेंच; शब्द बनवला इंग्रजांनी; आणि 'आज व्होल्टेज कमी आहे' असं पंख्याकडे पाहत म्हणतो तो मराठी माणूस. 'फुटेज' घ्या. सिनेमाची फीत फुटांनी मोजत, म्हणून फुटेज. आता सीसीटीव्हीत ना फीत आहे ना फूट, शब्द मात्र रोज वर्तमानपत्रात आहे.

दिसायला तसे, पण या घराण्याचे नसलेले शब्दही आहेत. 'पेज', 'केज' यांची मुळं वेगळी. 'इमेज' लॅटिन 'इमागो'चा. 'कॅबेज' डोकं या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला आणि गर्दीत मिसळला. त्यांच्यावर वेळ घालवत नाही.

आता दुसरी रांग, 'आज'वाल्यांची. यांचे जन्मदाखले बऱ्यापैकी हाती आहेत, कारण ते बहुतेक युद्धं, यंत्रं आणि चित्रकला यांतून आले. नेपोलियनचं सैन्य 1798 मध्ये इजिप्तच्या वाळवंटात तळमळत असताना समोर पाणी दिसे आणि जवळ गेलं की नाहीसं होई. सैन्याबरोबर गास्पार मोंज हा गणितज्ञ होता. तापलेल्या जमिनीलगतच्या हवेच्या थरांतून प्रकाश वाकतो म्हणून असं होतं, हे त्यानं लिहून काढलं. तो 'मिराज'. आपल्याकडे मृगजळ होतंच, त्यामुळे तो शब्द आपल्याला लागला नाही. तो आपल्याकडे आला लढाऊ विमानाचं नाव होऊन, 1985 पासून हवाई दलात. बातमी छापताना काना विसरला तर विमानं मिरजेहून उडतील, म्हणून मुद्रितशोधक तिथे जागे असतात.

'कॅमोफ्लाज' पहिल्या महायुद्धातला. 1915 मध्ये फ्रेंच सैन्यानं गिरां द सेव्होला या चित्रकाराच्या हाताखाली तोफा आणि मोर्चे रंगवून लपवणारी तुकडी उभी केली. दोनेक वर्षांत शब्द इंग्रजीत रूढ झाला. 'कोलाज' चिकटवण्याच्या क्रियापदावरून, पिकासो आणि ब्राक यांनी 1912 च्या सुमारास चित्रात कागद डकवायला सुरुवात केली तेव्हाचा. 'सॅबोटाज'बद्दल कामगारांनी आपले लाकडी बूट यंत्रात फेकले अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण तिला पुरावा नाही. 'साबो' म्हणजे लाकडी बूट हे खरं. त्यावरून धसमुसळं, ढिसाळ काम करणं असा अर्थ आला, आणि फ्रेंच कामगार संघटनेच्या 1897 च्या तुलूझ अधिवेशनात एमिल पुजे यानं कामगारांच्या लढ्याचं हत्यार म्हणून ते मांडलं. व्युत्पत्ती फार चित्रमय असली की मी सावध होतो.

'बराज'शी तर आपला जुना संबंध आहे. सिंधू नदीवर सक्करला 1932 मध्ये जो प्रचंड बंधारा सुरू झाला, तो मुंबई इलाख्याचा होता, कारण सिंध तेव्हा मुंबईला जोडलेला होता. त्याला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं नाव दिलेलं होतं. मराठीत आपण कुठे 'बराज' लिहितो, कुठे 'बॅरेज'. म्हणजे आपल्या कानानं याचं वय अजून ठरवलेलं नाही.

आणि राहिलं 'गॅरेज'. हा शब्द वयानं दुसऱ्या रांगेतला. मोटारींबरोबर विसाव्या शतकाच्या तोंडावर इंग्रजीत आला. फ्रेंचमध्ये 'गारे' म्हणजे आडोशाला लावून ठेवणं. पण बिलायतेत पुष्कळांनी त्याला झटपट पहिल्या रांगेत ओढला आणि 'गॅरिज' केला. अमेरिकन मात्र जोर शेवटी ठेवून 'गराज' म्हणतो. इंग्रजांतही दोन्ही तऱ्हा चालतात. आपल्याकडे तो 'गॅरेज' झाला आणि त्यात गाडी ठेवण्यापेक्षा गाडी खोलून ठेवणंच जास्त चालतं.

सभागृहात इंग्रजीचे शिक्षक बरेच दिसतात, म्हणून त्यांना एक विनंती. वर्गात एखादा मुलगा 'मसाज'चं 'मसेज' किंवा 'गॅरेज'चं 'गराज' म्हणाला, तर त्याला हसू नका आणि इतरांना हसू देऊ नका. दोन रांगा फळ्यावर काढा, एका रांगेवर 1300 लिहा, दुसरीवर 1900, आणि शब्द कुठे बसतात ते मुलांनाच ठरवू द्या. 'गॅरेज'वर भांडण होईल. होऊ द्या.

आता तुमचे प्रश्न विचारा.