सुजलेली बोटे आणि हाडांची धूप
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही. कापूस वेचणाऱ्या हातांवर बोलणार आहे.

माझ्या थोरल्या वहिनीची पस्तिशीत दोन्ही हातांची बोटे सुजू लागली. सकाळी तासभर मूठ वळायची नाही. आम्ही म्हणालो, कामाचे दुखणे आहे. बाजारातून कुणाची तरी पुडी आणली. दोन दिवसांत दुखणे पळाले. तीन वर्षे पुडी चालली. मी शेतीचा पदवीधर, पानावरचा ठिपका पाहून रोग सांगणारा. घरातला रोग मला ओळखता आला नाही. बोटे वाकडी झाली तेव्हा एक्स-रे काढला. सांध्याजवळच्या हाडाला खड्डे पडले होते. डॉक्टर म्हणाले, रोग आवरता येईल, गेलेले हाड परत येणार नाही.

हा आमवात, डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. म्हातारपणी गुडघा झिजतो, तो वेगळा. यात रोगाशी लढणारी शरीराचीच यंत्रणा चुकून सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. अस्तर सुजते, जाड होते, हाडावर चढते. हाडात दोन तऱ्हेच्या पेशी आयुष्यभर राबतात: एक जुने हाड काढतात, दुसऱ्या नवे भरतात. सूज काढणाऱ्यांची संख्या वाढवते आणि भरणाऱ्यांचे हात बांधते. बांध फुटलेल्या शेतासारखी हाडाची धूप होते. पुष्कळांना पहिले खड्डे पहिल्या दोन वर्षांतच पडतात. पुढे मणका आणि खुब्याची हाडेही ठिसूळ होतात.

तेव्हा एक गोष्ट गाठीला बांधा: दुखणे थांबले म्हणजे धूप थांबली असे नाही. वेदनाशामक गोळी दुखणे झाकते, हाड वाचवत नाही. अशा काही पुड्यांत तर चोरून स्टिरॉइड घातलेले सापडले आहे. ते फार दिवस पोटात गेले की हाड आणखी पोकळ होते. मात्र महिनोन्महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचे. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

धूप थांबवणारी औषधे आहेत. मेथोट्रेक्सेट ही त्यातली मुख्य, आणि ती महाग नाही. पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जीवावर बेतते. सोबत फॉलिक ॲसिड आणि ठरल्या वेळी रक्ततपासणी हवी. दारू टाळावी. मूल हवे असेल त्या बाईने आधीच डॉक्टरांना सांगावे, कारण हे औषध गर्भाला घातक आहे. बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने गोळी सोडू नये.

बाकीचे घरचे काम. बिडी सोडा; धूम्रपानाने हा रोग होण्याची शक्यता वाढते आणि तो बळावतोही. दूध, नाचणी, तीळ बाईच्याही ताटात पडू द्या. ऊन घ्या. सूज उतरली की सांधे हलते ठेवा.

हा रोग पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीतिपटीने होतो, आणि बाई सांगत नाही. म्हणून गावी गेल्यावर घरात विचारा: सकाळी मूठ वळते का? बोटांची सूज दीड महिना उतरली नसेल, अर्ध्या तासाहून जास्त वेळ हात आखडत असेल, तर थांबू नका. थेट जिल्ह्याचा दवाखाना गाठा. पिकावर रोग दिसला तर आपण दुसऱ्या दिवशी फवारणी करतो. घरच्या माणसासाठी तीन वर्षे थांबलो, ती चूक माझी. तुम्ही करू नका.