वयाचा आकडा आणि स्तनाचा कर्करोग
(माता-पालक मेळाव्यातील भाषण)



मी शाळामास्तर, वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही आज स्तनाच्या कर्करोगावर बोलणार आहे. या आजाराचे नाव घरात दबक्या आवाजात घेतात, आणि उपचाराचे निर्णयही तसेच होतात. जिच्या शरीराचा प्रश्न, तिला ते सर्वांत शेवटी कळतात.

हे निर्णय बहुधा वय पाहून होतात. बाई म्हातारी असली तर, "आता या वयात कशाला तिचे हाल?" तरुण असली तर, "सगळे काढून टाका, जीव वाचला म्हणजे झाले." दोन्ही बोलण्यांत माया आहे, हे मी नाकारीत नाही. पण तिला कोणी विचारलेले नसते.

आधी तरुणीचे पाहू. इटलीत मिलान येथे डॉ. उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांवर अभ्यास केला. काहींचा पूर्ण स्तन काढला. काहींचा गाठीभोवतीचा भागच काढून किरणोपचार दिले. वीस वर्षांचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला: जगण्याच्या प्रमाणात फरक नाही. तेव्हा स्तन राखावासा वाटणे हा नखरा नव्हे. अर्थात, गाठ मोठी किंवा अनेक ठिकाणी असली तर ते नेहमीच जमत नाही.

पण तरुणपणी खरा तिढा पुढेच आहे. केमोथेरपीने पाळी कायमची जाऊ शकते. पस्तिशीत अंगाची आग, उडालेली झोप, ठिसूळ होणारी हाडे, नवरा-बायकोतला अबोला! मूल हवे असेल तर स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याविषयी केमोथेरपीपूर्वीच विचारले पाहिजे. संप्रेरकांवरील गोळ्या पाच ते दहा वर्षे चालतात, आणि त्या घेत असताना गर्भ राहू देता येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेचाळीस वर्षांपर्यंतच्या स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे उपचार घेऊन, मुलासाठी गोळ्या दोन वर्षांपर्यंत थांबवल्या. पहिल्या काही वर्षांत तरी रोग परतण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.

आता आजीकडे वळू. अमेरिकेत सत्तर व त्यापुढील वयाच्या ६३६ स्त्रियांची लहान, संप्रेरकांना दाद देणारी गाठ काढून टॅमॉक्सिफेनची गोळी दिली. निम्म्या जणींना किरणोपचारही दिले. दहा वर्षांत किरणोपचार घेतलेल्यांपैकी शंभरात दोघींना, न घेतलेल्यांपैकी दहाजणींना त्या जागी रोग परतला. आयुर्मानात फरक पडला नाही. गावच्या आजीला किरणोपचार म्हणजे कित्येक दिवस शहरात खोली घेऊन राहणे, नाहीतर रोजची एस.टी. म्हणून हा पर्याय तिला सांगायलाच हवा. "मला त्या दहांत जायचे नाही," असे ती म्हणाली, तर तोही तिचाच अधिकार.

मात्र 'किरण नकोत' म्हणजे 'उपचारच नकोत' असे नव्हे. एखादी पंचाहत्तरीची बाई दोन जिने सहज चढते, तर साठीची मधुमेहाने खचलेली असते. म्हणून जाणते डॉक्टर चालणे, जेवण, स्मरण, इतर औषधे आणि घरी कोण आहे हे विचारतात. आमच्या कित्येक आज्यांची जन्मतारीख तर कागदावर अंदाजानेच घातलेली!

मुलगा आत डॉक्टरांशी बोलतो आणि आई बाहेर बाकावर बसते, हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. तिलाही आत न्या. आणि टॅमॉक्सिफेन बरे वाटले म्हणून मध्येच सोडायची नसते. अंगाची आग सोसवत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगावे, त्यावरही इलाज असतात.